दीडशे किलोमीटरच्या आतला फ्युएल सेल

पातूर,
सोमवार, १३ एप्रिल

तीर्थस्वरूप ताईस,

खुशालचा वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकलो आहे. कंबर अजून म्हणावी तशी सरळ झालेली नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला की अजून सकाळी पाचला सगळ्या चिखलदऱ्याला उठवतो? तू पाठवलेली कॉफी पावली. वच्छलानं ती चहात टाकून पाहिली, त्याबद्दल समोरासमोर बोलू. इकडे सगळे मजेत. मोगरा यंदा असा आला आहे की तोडता तोडता सकाळचे नऊ वाजतात. झेंडू मात्र रुसला आहे. मी झेंडूवर चिडतो आणि वच्छला माझ्यावर, म्हणजे घरात सगळं जागच्या जागी आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू फोनवर नको तिथं हसतेस. शिवाय आमच्या घरात मी फोनवर बोललेलं गल्लीतल्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू जातं, असं पौर्णिमा म्हणते. गोपाल उद्या पहाटे प्रवासी घेऊन चिखलदऱ्याला निघणार आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. तो चहा घेतल्याशिवाय निघत नाही, तेव्हा तेवढं बघ.

विषय पौर्णिमाचा आहे. घाबरू नकोस, स्थळाचा नाही. पोरगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, हे तुला माहीत आहे. रोज पातूर ते अकोला एस.टी.नं जाते-येते. दोन वर्षांपूर्वी कॉलेजात शेखर सरांनी वर्गात एक चिमुकली गाडी चालवून दाखवली. त्या गाडीत पेट्रोल नाही, धूर नाही. एका डबीत हायड्रोजन जातो, हवेतला ऑक्सिजन येतो, वीज तयार होते आणि खाली थेंबभर पाणी पडतं. त्या डबीला फ्युएल सेल म्हणतात. त्या दिवशी पोरगी घरी आली ती जेवलीच नाही, नुसती सांगत बसली. मी विचारलं, रोज किती पाणी पडतं, झेंडूला पुरेल का? तर अशी हसली की वच्छलाला वाटलं ठसका लागला.

तेव्हापासून आमच्या घरात हाच कारभार. आय.आय.टी.च्या मोठमोठ्या प्राध्यापकांचे धडे म्हणे इंटरनेटवर फुकट असतात. ते इंग्रजीतून भराभर बोलतात, ही थांबवून थांबवून ऐकते, वहीत उतरवते, अडलं की शेखर सरांना विचारते. कॉलेजच्या ग्रंथालयात त्या विषयावर एकच पुस्तक आहे. ते हिनं इतक्या वेळा आणलं की ग्रंथपाल आता तिला पुस्तकाची तब्येत विचारतात. मोगरा तोडताना एका कानात धडा आणि एक कान माझ्याकडे. (माझ्याकडचा कान बराच वेळ रिकामा असतो, हे मला कळतं, पण मी बोलत राहतो.)

आणि मार्च महिन्यात चेन्नईहून पत्र आलं. तिथल्या एका संशोधन संस्थेत देशभरातून बारा विद्यार्थी निवडले, त्यात आपली पौर्णिमा. आठ आठवडे, खरोखरच्या प्रयोगशाळेत, राहणं-जेवण त्यांचं. फक्त पालकांची संमतीची सही हवी, सतरा एप्रिलच्या आत.

ताई, मला आनंद झाला नाही असं समजू नकोस. मी पेढेसुद्धा आणले. पण पेढा तोंडात असतानाच मला विपुल आठवला. तोही पुण्याला आठ आठवड्यांच्या ट्रेनिंगलाच गेला होता. त्याला आता नऊ वर्षं झाली. दिवाळीला येतो, गुणाचा आहे, पण यायच्या आधी विचारतो, "पप्पा, रविवारी तुम्ही फ्री आहात ना?" पाहुण्यासारखं. आता मी फ्री नसेन तर काय कलेक्टर कचेरीत असेन?

तर मी पौर्णिमाला म्हटलं, "चेन्नई काहून? इकडं काय कमी हाय? पातुरापासून दीडशे किलोमीटरच्या आत मी तुले हेच शिक्षण शोधून देतो."

ती शांतपणे म्हणाली, "शोधा बाबा. सापडलं त मी जात नाई."

इतकी लगेच कबूल झाली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्याच दिवशी फुलं बाजारात टाकून मी अकोल्यात शोधाला लागलो. पहिल्यांदा बॅटऱ्यांच्या दुकानात. सेल म्हटल्यावर माणूस तिथंच जाणार ना? दुकानदारानं पेन्सिल सेल, मोठा सेल, घड्याळाचा बटणासारखा सेल, सगळे काउंटरवर मांडले. मी म्हटलं, हायड्रोजनचा पाहिजे. तो म्हणाला, ही कंपनी आपण ठेवत नाही. मग फ्युएलच्या बाजूनं जाऊन पाहावं म्हणून पेट्रोल पंपावर गेलो. तिथल्या मॅनेजरनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, कपड्यांवर सेल लागते, भांड्यांवर लागते. पेट्रोलवर आजवर लागली का कधी?" मागे रांगेत उभे असलेले चारजण हसले. एकानं विचारलं, किती टक्के?

शेवटी एका मोठ्या क्लासमध्ये गेलो, अशाच ठिकाणी आजकाल ज्ञान असतं म्हणून. गार हवा, काचेचं दार, टेबलामागे लिपस्टिक लावलेली नम्र मुलगी. तिनं लगेच सांगितलं, फ्युएल सेल आमच्याकडे कव्हर होतो. मला असा हर्ष झाला! म्हटलं, किती दिवसांचा असतो? तिनं आतल्या सरांना विचारलं आणि येऊन म्हणाली, दहा मिनिटांचा. त्यावर परीक्षेत एखादाच प्रश्न येतो, आणि तो कठीण असतो म्हणून सर तो सोडून द्यायला शिकवतात.

घरी येऊन मी हे काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, चौकशी चालू आहे. पौर्णिमानं मान डोलावली आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली.

मग शेखर सरांकडूनच (पौर्णिमाच्या नकळत गाठलं त्यांना) कळलं की अमरावतीच्या एका कॉलेजात परवाच्या शनिवारी याच विषयाची एक दिवसाची कार्यशाळा आहे. गीतांजली मॅडम म्हणून आहेत, त्या खेड्यापाड्यातल्या मुलांसाठी घेतात. मी घरी सांगितलं, अमरावतीला झेंडूचं बियाणं बघायला जातो. विद्वान बाईकडे रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून केळीच्या पानात बांधून मोगऱ्याचा गजरा घेतला आणि पहिल्या गाडीनं निघालो.

तिथं दारातच एका मुलानं नाव विचारून माझी नोंदणी केली. मी सांगत होतो की मी नुसता चौकशीला आलो आहे, पण त्यानं कागद हातात दिला आणि सांगितलं, काका, गट क्रमांक चार. गट क्रमांक चारमध्ये दर्यापूरकडच्या तीन मुली होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. आता उठून जाणंही बरं दिसेना, म्हणून बसलो.

हातात दिलेला कागद मराठीत होता. ताई, मी सातवीनंतर विज्ञानाचं एक अक्षर वाचलं नाही, पण तो कागद मला कळला! त्यात लिहिलं होतं की हायड्रोजनला पडद्यातून पलीकडे जायचं असतं, पण पडदा म्हणतो, तुझा इलेक्ट्रॉन मी सोडणार नाही, तो बाहेरून पाठव. मग बिचारा इलेक्ट्रॉन तारेतून लांबच्या रस्त्यानं जातो, आणि जाता जाता पंखा फिरवून जातो. पलीकडे सगळे पुन्हा भेटतात, त्याचं पाणी होतं. मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना चष्मा पुसावा लागला, तिथं धूळ फार होती.

मग प्रयोग. काडेपेटीएवढा सेल, दोन नळ्या, एक एवढुसा पंखा. बाकी सगळ्या गटांचे पंखे फिरले, आमचा ढिम्म. मुलींनी तारा बदलल्या, नळ्या बदलल्या, एक तर रडायच्या बेतात आली. मी तो सेल उजेडात धरून पाहिला आणि म्हटलं, "पोरींनो, हा सुकला हाय. गजरा सुकते तसा. याले पाणी पाजा." आणि माझी पाण्याची बाटली काढली. तेवढ्यात मॅडम धावत आल्या, "ते पाणी नको!" (त्याला शुद्ध केलेलंच पाणी लागतं, नळाचं चालत नाही. इतके नखरे आपल्या विपुलचेही नव्हते.) पण त्या म्हणाल्या, काकांचं बरोबर आहे, पडदा कोरडा पडलाय. पिचकारीनं शुद्ध पाणी आत सोडलं, थोडा वेळ थांबलो, आणि ताई, पंखा फिरला! तिन्ही मुलींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग लक्षात आलं की आपण आपल्याचसाठी टाळ्या वाजवतो आहोत, आणि तरी वाजवतच राहिलो.

जेवणाच्या सुट्टीत मी मॅडमना गजरा दिला आणि मुद्द्याचं विचारलं. म्हटलं, ओळखीतली एक मुलगी आहे, हुशार आहे, तिला हा विषय पुढचा सगळा इथंच शिकायचा आहे, तुम्ही शिकवाल का? मॅडम म्हणाल्या, "माझ्याकडे हे सहा सेल आहेत. एवढ्यावर जेवढं शिकवता येतं तेवढं आज शिकवलं. पुढचं शिकायला यंत्रं लागतात, रोज तेच काम करणारी माणसं लागतात. ती इथं नाहीत हो, काका." मग त्यांनी माझ्या हातातला कागद दाखवला. "हा कागद बघा. आम्हाला मराठीतून कुठं काही मिळेना, तर अकोल्याच्या एका मुलीनं रात्रंदिवस बसून लिहून दिला. मीच अडले की तिला फोन करते. तिला चेन्नईहून बोलावणं आलंय, पण वडील सही करत नाहीत म्हणे. काय म्हणावं अशा माणसाला?"

मी कागद उलटला. मागे खाली बारीक अक्षरात होतं: पौर्णिमा खुशालराव निलखन, पातूर.

"असतात काही लोक," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो. दीडशे किलोमीटरच्या आत या विषयाचं जेवढं मिळतं तेवढं मी शोधून काढलं होतं, आणि ते माझ्याच घरी, माझ्याच शेजारी बसून मोगरा तोडत होतं. तिनं हे मला का सांगितलं नाही? मग आठवलं, सांगितलं असेल. मी तेव्हा बोलत असेन.

घरी आलो तर पौर्णिमानं विचारलं, "मिळालं का बियाणं?" मी म्हटलं, "नाई मिळालं." ती म्हणाली, "असू द्या बाबा," आणि पाणी आणून दिलं. तर ताई, असं सगळं झालं आणि मी मोठ्या मनानं संमतीच्या कागदावर सही करून टाकली. बाप म्हणून माणसानं मन मोठं ठेवावं लागतं. पोरगी चार मेला निघेल. भाऊजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा भाऊ,
खुशाल

ता. क. सही केली असं वर लिहिलं आहे, ते जरा घाईनं लिहिलं. कागद शनिवारपासून सदऱ्याच्या खिशात आहे. पेन काढतो आणि विपुलचे आठ आठवडे आठवतात. खरं तर त्यात 'आई किंवा वडील' असं आहे. वच्छलानं पहिल्याच दिवशी हात पुढे केला होता, "द्या इकडं, मी करतो." पण पौर्णिमा म्हणाली, "नाई माय. बाबाचीच पायजे. त्यायले वाटन तवा करतीन." तेव्हापासून एका शब्दानं तिनं मला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं. म्हणून विनंती अशी की तू गुरुवारी परतवाड्याच्या गाडीनं ये. मला समजावू नकोस, रागावू नकोस. नुसती शेजारी बस. घरी सांग, डोळे तपासायला आले.

ता. क. २. वरची विनंती रद्द. मी हे लिहीत असताना पौर्णिमा पाणी द्यायला आली आणि मागे उभी राहून वाचू लागली. किती वाचलं ते सांगत नाही, पण बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "बाबा, कागद त काढा." मी काढला आणि सही केली. चांगली ठळक, पूर्ण नावानिशी. ती पाहत राहिली आणि मग खालीच बसली हसत. घाईत मी 'विद्यार्थ्याची सही' लिहिलेल्या जागी केली होती. म्हणाली, "आता तुमीच जा चेन्नईले. मी मोगरा तोडतो." वच्छला आतून विचारत होती काय झालं, आणि दोघांपैकी कोणाच्यानं सांगवत नव्हतं. नवा कागद उद्या छापून आणते म्हणाली, या वेळी बोट ठेवून दाखवणार आहे.

ता. क. ३. तरी तू ये. गुरुवारी नको, मे महिन्यात. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस होतात. वच्छला म्हणते, एवढे दिवस माझी बडबड ऐकणं तिच्या एकटीच्यानं व्हायचं नाही. पहिला दिवस मी कसाही काढीन. उरलेल्या पंचावन्न दिवसांसाठी ये.