उन्हात काळं पडणारं मशीन आणि माझी बाकी मालमत्ता

मी, खाली सही करणारा रविंद्र धोंडबा टेंभुर्णे, वय दाखल्याप्रमाणे सव्वीस, राहणार म्हणाल तर कुठेच धड नाही, सध्या मुक्काम कन्हान, बहीण प्रेमिला हिच्या घरी. आज शुद्धीवर असताना, अंगात ताप नसताना, दारू न पिता आणि कोणी मागे उभं राहून सांगत नसताना हे लिहून ठेवतो. लग्न नाही, मूलबाळ नाही. शाळा आठवीत सोडली, म्हणून भाषा कायद्याची नसेल तर वाचणाऱ्याने अर्थ धरावा. नागपूरच्या महाल भागात एका अर्जनवीसाच्या बाजूला मी काही महिने चहा विकायचो, तेव्हा अशा कागदांची सुरुवात कानावर पडत असे. त्यात "राजीखुशीने" असा शब्द येतो. तो मी घालत नाही.

आज दुपारपाळीला मी माझे भाऊजी देवाजी रामटेके यांच्याबरोबर कोळशाच्या खाणीत उतरणार आहे. मी खाणीतला माणूस नाही. ठेकेदाराच्या माणसांत पाणी वाहणारा म्हणून नाव टाकून घेतलं आहे. वर आलो तर हा कागद चुलीत घालावा. न आलो तर पुढीलप्रमाणे करावं.

कलम पहिले. माझी सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे लॅपटॉप कॉम्प्युटर, चार्जर, छपाईचं छोटं मशीन आणि रेग्झिनची पेटी. हे सगळं मुकुंद गिरिधर पांढरीपांडे, राहणार महाल, याला द्यावं. मूळ त्याच्याच घरातून आलं आहे. त्याचा चुलतभाऊ अमेरिकेहून आला आणि जाताना बिघडलेला म्हणून ठेवून गेला. दान देताना दोष लपवणं म्हणजे मारकी म्हैस गरीब म्हणून विकणं, म्हणून दोष इथेच लिहितो. मुकुंदला ते ठाऊक आहेत, पण त्याच्यानंतर ज्याच्या हातात जाईल त्याला नसतील.

नाव मांडीवरचा कॉम्प्युटर. मांडीवर ठेवला तर मांडी सुन्न होते आणि खालून चटका बसतो, म्हणून मी नेहमी पाटावर ठेवला. मेमरी दोनशे छप्पन आहे. कशाची दोनशे छप्पन ते मुकुंदने तीनदा सांगितलं, मला कळलं नाही. आत साठवून काहीच राहत नाही. बंद केला की माणूस मेल्यासारखा सगळं विसरतो, आजची तारीखसुद्धा. दर वेळी तारीख आपण सांगायची आणि ती तो खरी मानतो. फ्लॉपी घालायच्या दोन खिडक्या आहेत, त्यातली उजवी मेलेली. बॅटरी अर्ध्या बाजारात संपते. पडद्याला स्वतःचा उजेड नाही. सावलीत अक्षरं दिसत नाहीत, म्हणून पडदा उन्हाकडे कलता करावा लागतो. आणि आपल्या नागपूरचं ऊन असं, की वैशाखात पडदा आधी करडा, मग शाईसारखा काळा होतो. आत मशीन चालूच असतं, फक्त दाखवत नाही. ओलं फडकं मागून लावलं की अक्षरं हळूहळू वर येतात. छपाईचा कागद गुळगुळीत, शाईशिवाय छापणारा, तोही उन्हात काळा पडतो. मराठी येत नाही. मराठी बोल इंग्रजी अक्षरांत छापतो, ते मी वाचून दाखवायचो.

याच्यावर आम्ही दोघांनी धंदा काढला: कॉम्प्युटरचं भविष्य. मुकुंदने प्रोग्राम लिहिला आणि मी पेटी, छत्री, पाट घेऊन बाजार आणि जत्रा फिरलो. रामटेक, मौदा, एकदा तर भंडाऱ्याला जाताना रेल्वेतच दुकान मांडलं, टीसी येऊन स्वतःचं भविष्य काढून गेला. तो किस्सा वेगळा आहे. मूळ प्रोग्रामला दोन फ्लॉप्या लागत. उजवी खिडकी मेलेली, म्हणून मुकुंदने जन्माचं साल, गाव, वेळ सगळं कापून टाकलं. उरला फक्त जन्माचा दिवस आणि महिना. तेवढ्यावर मशीन चार गोड ओळी आणि चालू सालातली एक घाताची, म्हणजे जिवाला धोक्याची, तारीख काढायचं. मी म्हटलं, घाताची तारीख काहून पाहिजे बा? तर मुकुंद म्हणाला, "गोड कोणीही सांगतं रे. लोकांना भीती हवी असते, भीती दिली की विश्वास बसतो." हे वाक्य मी त्याच्या नावावर मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

आता मुकुंदला जे ठाऊक नव्हतं ते. त्याच्या घरी प्रत्येकाची पत्रिका आहे, घटका-पळांसकट. आमच्याकडे जन्मतारीख हेडमास्तर देतो. बाप पोराला शाळेत नेतो, मास्तर विचारतो कधीचा, बाप म्हणतो तूर फुलली होती, आणि मास्तर लिहितो एक जुलै. माझी एक जुलै. देवाजी भाऊजींची एक जुलै. कन्हानच्या खाणीत विचारा, निम्मी पाळी एक जुलैला जन्मलेली निघेल. साल वेगळं, पण साल तर मशीन विचारतच नाही. म्हणून या वर्षी जितक्या एक जुलैवाल्यांनी माझ्यासमोर बसून तारीख सांगितली, तितक्यांना, भाऊजींनाही, मशीनने एकच घाताची तारीख दिली. ती आजची आहे.

मला ते तेव्हा लक्षात आलं नाही. मी ओळी वाचायचो आणि पुढचा माणूस बोलवायचो.

मग मौद्याची गोष्ट झाली. गोपिकाबाई म्हणून भाजी विकणारी बाई होती. तिची तारीख दुसरीच होती, एक जुलै नव्हती. मशीनने तिला चैत्रातला एक दिवस दिला आणि त्याच दिवशी ती विहिरीत पडून गेली. लोक म्हणाले, पाहा, मशीन खोटं बोलत नाही. मी तिच्या सुनेला भेटायला गेलो. सून म्हणाली, "आठवडाभर झोपली नाही जी बुढी. पाणी काढाले जाऊ नोको म्हटलं, तर म्हणे पाहून येतो विहीर कशी दिसते." मी जे ऐकलं ते एवढंच. मशीनने तिला ढकललं नाही. पण ती विहीर पाहायला गेली, हे मशीनमुळेच.

ही बातमी कन्हानला पोचली आणि एक जुलैवाल्यांनी आजच्या तारखेचा धसका घेतला.

भाऊजींचं काम असं की ते लोखंडी सळईने खाणीचं छत ठोकतात आणि कान लावतात. भरीव आवाज आला तर खाली माणसं घालायची, पोकळ आला तर आधी लाकडाचे टेकू. त्यांच्या कानावर पूर्ण टोळी कोळसा काढते. गोपिकाबाई गेल्यापासून त्यांना सगळं छत पोकळ ऐकू येतं. लोखंड मारलं की म्हणतात, थांबा. भरीव जागेवर टेकू लावतात, काम थांबतं. पाळीवर देखरेख करणाऱ्या सरदाराने चारचौघांत विचारलं, "काय देवाजी, कान गहाण ठेवला का गा?" टोळी हसली. प्रेमिला म्हणते ते घरात भिंतीही बोटाने ठोकतात.

मला भीती पोकळ छताची नाही. मला भीती आहे की हसण्याला लाजून ते आज पोकळ छताला भरीव म्हणतील, आणि खाली एक जुलैवाले उभे असतील.

मी समजावलं. अंगणात बसून, मशीन पुढे ठेवून, सगळं उलगडून सांगितलं. म्हटलं, भाऊजी, तारीख मास्तरची आहे, आपली नाही. ते म्हणाले, "मास्तरनं लिहिली त काय झालं? पगार त्याच तारखेवर आहे, रिटायर त्याच तारखेवर होईन. पेन्शनवाला आईले विचाराले जाते का, तूर फुलली होती का कापूस? सरकारले चालते, मंग मरणाले काहून नाही चालणार?"

मी मशीन चालू केलं, चुकीची तारीख टाकून दाखवणार होतो की हे कसं काहीही खरं मानतं. तर ऊन असं होतं की भाऊजींच्या डोळ्यांदेखत पडदा काळा झाला. ते उठून आत गेले. प्रेमिला दारातच होती. म्हणाली, "आपल्या बाबानं छप्पन साली दीक्षा घेतली तवा घरात पत्रिका नव्हती म्हणून फाडाले काही नव्हतं. तू मशीनमंधून आणली रे रव्या. आता हे कशी फाडू?"

म्हणून मी ठरवलं. माझीही एक जुलै आहे, तारीख मलाही लागू आहे. आज दिवसभर मी त्यांच्या बाजूला, त्याच छताखाली उभा राहीन आणि ते ठोकतील तिथे आधी मी जाईन. छपाई करणारा स्वतः खाली उभा आहे हे पाहून त्यांचा कान परत आला तर बरं. भाऊजींना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, "साळेबुवा, तुले सायकलचा पंक्चर काढाले धीर निघत नाही, अन् तू खाणीत बसशीन?" पण नाही म्हणाले नाहीत.

कलम पहिले चालू. भविष्याची फ्लॉपी मी आज सकाळी कात्रीने कापली आहे. मुकुंदकडे दुसरी प्रत असेल तर तीही त्याने कापावी. न कापल्यास मशीन त्याला देऊ नये. मशीन कोणाला फेकायचं असेल तर कन्हान नदीत फेकू नये, बॅटरीत विष आहे आणि गाव ते पाणी पितं.

कलम दुसरे. सायकल प्रेमिलाची. मागचं कॅरिअर पेटीच्या वजनाने वाकलं आहे. हिच्यावर मी एकदा शिवनीपर्यंत गेलो होतो, संत्र्यांच्या ट्रकला धरून. आईला सांगितलं नव्हतं, आता कळलं तर कळू द्या.

कलम तिसरे. पोस्टातलं जे काही आहे ते आई अंजनाबाईचं. सोबत तिला एवढं विचारावं, की मी नक्की कधी जन्मलो. तिला जेवढं आठवतं तेवढं, थंडी, तूर, शेजारीण कोण होती, जे असेल ते प्रेमिलाने लिहून घ्यावं आणि माझ्या नावाखाली तेच लावावं. दाखल्यावरची तारीख कुठेही लावू नये.

कलम चौथे. ज्या हेडमास्तरने वर्गभर एकच तारीख लिहिली त्याला माझ्याकडून काही नाही. तो वारला आहे, पण त्याच्या घरच्यांनी मागितलं तरी नाही. मुकुंदबद्दल राग होता. काल तो निरोप मिळताच बसने आला, अंगणात बसून भाऊजींना स्वतः म्हणाला की प्रोग्राम खोटा आहे, मी बनवला. भाऊजी म्हणाले, "तुम्ही बनवला म्हणूनच त खरा वाटते पंडितजी." मुकुंद तेव्हापासून इथेच आहे, जेवला नाही. राग अर्धा सोडतो.

कलम पाचवे. माझ्यामागे तेराव्या दिवसाची तेरवी नको. भन्तेंना बोलावून त्रिशरण-पंचशील म्हणावं आणि पुण्यानुमोदनाच्या जेवणात वांग्याची भाजी असावी, तिखट. छत्री ज्याला हवी त्याने न्यावी. व्यवस्था पाहणारी म्हणून प्रेमिलाला नेमतो. तिच्यासमोर कोणी आवाज चढवू शकत नाही.

कलम सहावे लिहायला घेतलं होतं, स्टोव्ह आणि रेडिओबद्दल. ते राहू द्यावं. आत्ता शेजारच्या कांताबाई खाणीच्या फाटकाकडून आल्या. त्या सांगतात की भाऊजी दुपारपाळीची वाट न पाहता सकाळपाळीलाच उतरले. सरदाराला म्हणाले, "माझी पाळी बदला." उतरण्याआधी ठेकेदाराकडे जाऊन पाणी वाहणाऱ्यांतलं माझं नाव स्वतः काढून आले. कांताबाईंच्या हाती निरोप ठेवला तो त्यांच्याच शब्दांत लिहितो:

"साळ्याले सांगजो, तारीख एक अन् माणसं दोन, असं कशाले? प्रेमिलाच्या घरून एकाच दिवशी दोन जण जाईन त मांगं कोण पाहीन? तो मशीनवाला आहे, त्यानं वर राहून लोकायले समजवावं. छत मी ठोकतो."

मी विचारलं, आवाज कसा होता त्यांचा, घाबरलेला होता का? कांताबाई म्हणतात, "नाही रे बाप्पा. चांगला मोठ्यानं बोलला. सगळ्यायले आयकू जाईन असा."

मोठ्याने बोलले. हेच मला नको होतं. टोळीसमोर मोठ्याने बोललेला माणूस आता खाली कोणत्या छताला पोकळ म्हणेल?

प्रेमिला सायकल घेऊन पुढे निघाली आहे. मी फाटकाशी जातो आणि नाव असो नसो, आत सोडेपर्यंत तिथेच उभा राहतो. हा कागद पूर्ण झाला असं समजावं. यातलं सगळं मी माझ्या हाताने लिहिलं आणि दोघांच्या डोळ्यांसमोर सही करतो. अक्षर वाकडं आलं आहे ते घाईमुळे.

सही: रविंद्र धोंडबा टेंभुर्णे
जन्म: आईला विचारावा

साक्षीदार, ज्यांनी सही होताना पाहिली:
१. मुकुंद गिरिधर पांढरीपांडे, महाल, नागपूर (सही)
२. कांताबाई श्रावण डोंगरे, कन्हान (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: कन्हान, जिल्हा नागपूर
दिनांक: १८ मे १९८८, सकाळपाळी सुटायच्या आधी