पान एकशे चाळीस

३ जून, मंगळवार
आजपासून रोजनिशी, कारण आजपासून आयुष्याला वळण. आमचे आयटी मॅनेजर फणींद्र गारू (वय चौतीस, केस जेमतेम; पण इथे हैदराबादेत नावापुढे आदराचं 'गारू' लावावंच लागतं) यांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, चलपती राव गारू, सपोर्टच्या दोन मुलांना सर्व्हर आणि नेटवर्क उभं करायला, सांभाळायला शिकवा. सगळं लिहूनही काढा. जूनअखेर पूर्ण व्हायला हवं. बावीस वर्षं या हॉस्पिटलचे सर्व्हर एकट्याने सांभाळतोय, ते आता कुठे वरच्यांना दिसलं. ट्रेनिंग हेड करणार हे उघड आहे. तसं ते बोलले नाहीत, पण मोठ्या गोष्टी एकदम बोलत नसतात.

घरी बायकोला, अनसूयाला सांगितलं. तिने विचारलं, हे जाणाऱ्या माणसाला करायला लावतात तेच ना? तिच्या भावाला हायटेक सिटीतल्या कंपनीत असंच शिकवायला लावलं आणि महिन्याने घरी पाठवलं. मी म्हणालो, तुझ्या भावात आणि माझ्यात फरक आहे. तिने न विचारता आणखी भात वाढला.

संकल्प: चहा बंद (साखर वाढली आहे). आणि मुख्य पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही. ब्रह्मदेव आला तरी.

५ जून, गुरुवार
विद्यार्थी दोन. स्रवंती, वरंगलची, बोलते कमी आणि लिहिते फार. प्रणीत, नुसताच बोलतो. पहिला धडा: सर्व्हर सुरू करण्याचा क्रम. आधी रॅकला कुंकू, खाली लिंबू, मग स्टोरेज, मग सर्व्हर. प्रणीत म्हणतो, सर, लिंबू कुठल्या पोर्टला लावायचं? मी हसलो नाही. बावीस वर्षांत दोनदाच सर्व्हर बसला, आणि दोन्ही वेळा लिंबू वाळलेलं होतं, हे त्याला ऐकवलं. स्रवंतीने वहीत उतरवून घेतलं. नंतर पाहिलं तर लिहिलं होतं, "लिंबू (ऐच्छिक)".

ऐच्छिक!

चहा एक. मुलांचा पहिला दिवस, नाही कसं म्हणणार.

१२ जून, गुरुवार
रॅकमागे एकशे दहा तारा आहेत. कुठली आयसीयूची, कुठली औषधांच्या काउंटरची, मी हाताने चाचपून सांगतो. आज हे करून दाखवलं. मुलं थक्क होतील असं वाटलं होतं. स्रवंतीने हळूच विचारलं, सर, तुम्ही नसाल त्या दिवशी? मी म्हणालो, मी कुठे जातोय?

ती प्रणीतकडे बघायला लागली आणि प्रणीत बुटांकडे. लाजरी मुलं.

जेवून आलो तर दोघांनी प्रत्येक तारेला चिठ्ठी लावायला घेतलेली. रॅक लग्नातल्या आहेरासारखा दिसतोय. ट्रेनिंग हेडने मन मोठं ठेवावं.

चहा दोन.

१८ जून, बुधवार
लिखाण संपत आलं. पुस्तकच झालंय! बावीस वर्षांत मला कुणी "लिहा" म्हटलं नव्हतं, आता थांबवत नाही. एकशे चाळीस पानं. शेवटच्या पानावर "कर्मचारी सोडून गेल्यास त्याचं कॉम्प्युटरवरचं खातं बंद करणे". पायऱ्या तर कुणीही लिहील. मी खाली माझ्या अनुभवाची सूचना घातली: "जाणाऱ्या माणसाच्या समोर खातं बंद करू नये. तो चहाला गेला की करावं. परत आल्यावर त्याच्याशी नीट बोलावं." जुने अकाउंटंट नरसिंहम गारू निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्या डोळ्यांदेखत बंद केलं होतं. ते बिचारे स्क्रीनकडे बघत राहिले.

स्रवंतीने ते पान दोनदा वाचलं. म्हणाली, सर, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. मी म्हणालो, म्हणून तर माझं पुस्तक.

२४ जून, मंगळवार
मुख्य पासवर्ड दिला.

परिस्थिती समजून घ्यायला हवी. ब्रह्मदेव आला असता तर दिला नसता. स्रवंती आली, आईच्या हातचं गोंगुराचं (अंबाडीचं) लोणचं घेऊन, आणि विचारताना तिचा आवाज कापत होता. म्हणाली, सर, मला मागायला लावलंय, मला बरं वाटत नाही. पोरीला उगाच कशाला रडवा? शिवाय वारसा पुढे द्यायचाच असतो. तो टाइप करताना तिच्या लक्षात आलं की त्यात अनसूयाचं नाव आहे. मान खाली घालून म्हणाली, सर, बदलावा लागेल. मी म्हणालो, बदल.

२७ जून, शुक्रवार
फणींद्र गारूंनी बंद पाकीट दिलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, घरी जाऊन शांतपणे वाचा, सोमवारी बोलू. मिळालं एकदाचं! पण कालपासून आषाढ लागलाय. आषाढात कुणी शुभकार्य करतं का? बढतीचं पत्र श्रावणातच उघडायचं असं ठरवलं आणि बालाजीच्या फोटोमागे ठेवलं. अनसूया म्हणाली, एक कागद वाचायला कसला आलाय आषाढ? मी म्हणालो, तुला नाही कळायचं.

पाकीट पातळ आहे. चांगली बातमी एका ओळीत मावते.

२९ जून, रविवार
आज सगळं नव्या सर्व्हरवर हलवायचं होतं. वेळ दिली दुपारी साडेचारची. रविवारी साडेचार ते सहा राहुकाळ! मी स्पष्ट सांगितलं, सहाशिवाय एका तारेलाही हात लावायचा नाही. आणि समोरच्या इराण्याकडे जाऊन बसलो. चहा तीन, बिस्किटं चार.

सहा वाजून पाच मिनिटांनी वर आलो. सगळं झालेलं होतं. आयसीयू चालू, काउंटर चालू. समोर माझं पुस्तक उघडं. प्रणीत पहिल्यांदाच गप्प होता.

फणींद्र गारू म्हणाले, बरं झालं तुम्ही नव्हता, आम्हाला तेच बघायचं होतं. किती हा विश्वास! माझ्या शिकवण्यावर.

रॅकखाली ताजं लिंबू होतं.

३० जून, सोमवार
सकाळी ९.४०. इस्त्रीचा शर्ट. आज जाहीर करतील. दोन वाक्यांचं भाषण तयार आहे.

दुपारी ३.५०. अजून काही नाही. फणींद्र गारू मीटिंगमध्ये. स्रवंती आली, म्हणाली, सर, चहा घेऊन या ना. म्हटलं, सोडलाय. म्हणाली, आजच्या दिवस, सर. गेलो.

संध्याकाळी ७. घरी.

चहा घेऊन आलो. माझ्या खात्याचा पासवर्ड टाकला. घेईना. पुन्हा टाकला. कॅप्स लॉक पाहिलं. तिसऱ्यांदा टाकताना हात थांबला.

मागे स्रवंती उभी होती, डोळे लाल. मी विचारलं, पान एकशे चाळीस? तिने मान हलवली. मग खुर्ची ओढून शेजारी बसली आणि नीट बोलली. माझ्या गावाबद्दल विचारलं, गुडघ्याबद्दल विचारलं, शिकवलंत म्हणून पायाला हात लावला. एक पायरी चुकली नाही तिची. मी म्हणालो, बरोबर केलंस, पोरी.

मला माहीत होतं. कधीपासून ते लिहीत नाही. पण माहीत होतं.

घरी येऊन पाकीट काढलं. त्याचं तोंड भाताच्या शिताने चिकटवलेलं होतं. म्हणजे अनसूयाने शुक्रवारीच वाचलंय, आणि तीन दिवस माझ्या तोंडून बढतीच्या गप्पा ऐकल्यात.

तिने चहा आणून ठेवला. साखर घातलेला. प्यायलो.