पाखरे उडाली नाहीत त्या गावात

मास्तर,

या लेखनाने मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: त्या सकाळी आपण दोघे मरणाच्या ओट्यावर जाऊन बसलो, यात दोष तुमच्या नियमाचा होता, माझा नव्हता. प्रतिज्ञा आधी आणि पुरावा नंतर, हा क्रम तुम्हीच शिकवलात, तो मी पाळतो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे झाली की आज मी तुमच्यापेक्षा वयाने मोठा आहे. तरी वरचे वाक्य लिहिताना बोटे गार पडली.

परक्या मुलखात पाखरांची जागा कशी शोधावी, याचे तुमचे शास्त्र होते. ‘पाखरे कुठे दिसतात?’ असे कधी विचारू नये. लोक भिडेखातर कुठलीही दिशा दाखवतात. परटाला विचारावे, कपडे कुठे वाळत घालत नाहीस? भिंगारच्या परटाने हात झाडून सांगितले होते, “त्या वडाखाली न्हाई घालत बगा. सायबाच्या सदऱ्यावर ठिपका पडला तर चामडी माझी जायची.” त्या वडावर आपल्याला हरोळ्यांचा थवा सापडला. पिकाची राखण करणाऱ्याला विचारावे, कोणत्या बाजूला ओरडून घसा बसला? हे दोन्ही नियम मी पुढे जन्मभर पडताळले. ते खरे आहेत. तिसरा नियम तुमचा सर्वांत लाडका होता: ज्या गावात पाखरू माणसाला पाहून उडत नाही, ते गाव भल्या माणसांचे, तिथे खुशाल बसावे.

आता ती सकाळ. मी तुमचा जुना विद्यार्थी, त्या वर्षी तुमच्याच शाळेत नवा शिक्षक. युद्धाचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हते, आणि शेवगावच्या पुढे आपली कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार एका चढावर बसली. ड्रायव्हर काजळीने माखलेले हात पुसत म्हणाला, “मास्तर, दोन तास तरी हालत न्हाई ही. बसा कुठंतरी सावलीला.” बाकीचे उतारू कुरकुरले, तुमचा चेहरा उजळला. दुर्बीण गळ्यात अडकवून तुम्ही ओढ्याच्या कडेने निघालातसुद्धा. पलीकडे उभ्या ज्वारीवर भोरड्यांचा ढग उतरत होता, आणि गोफणीचा एकही आवाज येत नव्हता. “पाहिलेस?” तुम्ही म्हणालात. “इथले लोक पाखरांना खाऊ देतात.”

आपण गावात शिरतो. खळ्यावर भोरड्या दाणे टिपताहेत, दहा हातांवर. मान वर करतात, पुन्हा टिपतात. गल्लीच्या मधोमध तितराची जोडी चालली आहे, घरधनी आपल्या अंगणात फिरतो तशी. एका बंद घराच्या ओट्यावर तुम्ही बसता, वही उघडता आणि लहान मुलासारखे कुजबुजता, “उडत नाहीत रे, उडतच नाहीत!” मला मात्र काहीतरी ऐकू येत नाही, आणि काय ऐकू येत नाही ते कळायला वेळ लागतो. जाते नाही. कुत्रे नाही. खोकला नाही. तुम्ही म्हणता, “आडावरून पाणी आण.” मी जातो, परत येतो आणि सांगतो, “आडाला दोर नाही.” मग मी ओट्यावर पाय वर घेऊन बसतो. “थंडी वाजते का?” तुम्ही दुर्बिणीतून डोळे न काढता विचारता. मी म्हणतो, हो.

तास झाला असेल. शेताकडून एका बाईची हाक आली, “ओ पावनं! कुनाच्या वट्यावर बसलाव? उठा, उठा! उंदीर पडल्यात गावात. आठ दिस झालं, समदं गाव भायेर हाय!” बांधावर झोपड्या होत्या, ज्वारीआड त्या आपल्याला दिसल्या नव्हत्या. आपण धावत बाहेर आलो. बाईचा नवरा लांबूनच हसला, पण ते हसणे चांगले नव्हते. “पाखरं बघाय आलाव व्हय? बघा की. आमच्या घरात आता तीच नांदत्यात.” बाईने आपल्याला जवळ येऊ दिले नाही, दगडावर कळशी ठेवून ती मागे सरली. “वढ्यात आंघूळ करा, कापडं उन्हात टाका,” ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे पाहून, “म्हाताऱ्याला चष्म्यातनं दिसलं नसंल. तुमी तर तरणं हाव. तुमाला बी न्हाई दिसलं?” मी उत्तर देण्याआधी तुम्हीच म्हणालात, “बाई, त्याला मीच बसवले होते.”

त्यानंतरचे दिवस मी दररोज पहाटे काखेत आणि जांघेत बोटे फिरवून मोजले. प्लेगची गाठ नसे, तरी दुपारी पुन्हा चाचपत असे. पाचव्या दिवशी शाळेत निरोप आला की तुम्हाला ताप आहे. मी आलो तेव्हा तुम्ही स्वतःच बाहेरच्या खोलीत निजला होतात आणि काकूंना उंबऱ्याच्या आत यायची बंदी केली होती. त्या स्वयंपाकघराच्या दारात भाताच्या पेजेची वाटी धरून उभ्या होत्या. वाटीवर साय धरली होती. “तुम्ही तरी सांगा,” त्या मला म्हणाल्या, “गावात काही दिसलं होतं का?” तुम्ही अंथरुणातूनच, दात वाजत असताना, उत्तर दिलेत: “त्याला काय विचारतेस? नियमाची व्याप्ती माझी चुकली. पाखरू निर्भय असते ते भल्या माणसांत. किंवा माणसेच नसतील तिथे. हा दुसरा पक्ष मी धरलाच नव्हता.”

तो हिवताप निघाला, कोयनेलने उतरला. तुम्ही जगलात. पण वहीतला तिसरा नियम तुम्ही आडव्या रेघेने खोडलात, परक्या गावात जाणे सोडलेत आणि दुर्बीण मला दिलीत. “माझे डोळे फसवतात,” म्हणालात. “तुझे चांगले आहेत.”

येथे माझा पुरावा पूर्ण व्हायला हवा होता. नियम सदोष होता, हे तुम्ही स्वतः मान्य केलेत. प्रतिपक्षाची कबुली याहून मोठा पुरावा नाही. पण एक घटना मी गाळली आहे. त्या सहलीच्या आदल्या महिन्यात, युद्धाच्या दिवसांत भिंगारच्या छावणीजवळ दुर्बीण नेऊ नये, यासाठी मी शिक्षकांच्या खोलीत तुमच्यापुढे सहा कारणे मांडली होती. तुम्ही सर्वांदेखत म्हणालात, “भीती वाटते, एवढे एक वाक्य बोल. तिला सहा कारणांचे कपडे चढवू नकोस.” सगळे हसले. मीही हसलो.

हा कागद दुर्बिणीच्या पेटीत, पट्ट्याखाली राहील. काकूही आता नाहीत. वाचणारे कोणी नाही.

माझी चूक: आडाला दोर होता की नव्हता, मला माहीत नाही. मी आडापर्यंत गेलो नव्हतो. वाटेत तिसऱ्या घराच्या पायरीवर उंदीर कुशीवर पडलेला मी पाहिला, आणि भीती वाटते हे एक वाक्य बोलायला भ्यालो.

तुमचा विद्यार्थी