बिघडवलेली जवारी

आण्णा,

तुमची नात गाते. तुम्ही गेल्यावर सहा वर्षांनी ती झाली, त्यामुळं तुम्हाला ती माहीतच नाही. पण आज साताऱ्यात रिक्षात बसावं तर रिक्षावाल्याच्या मोबाइलवर तिचंच गाणं लागलेलं असतं. तेवीस वर्षांची पोर. गाणी स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, स्वतः गाते. राग-बिग काही नाही हं. ज्या गवयांसाठी तुम्ही मिरजेत जन्मभर तंबोरे केलेत त्यांनी कानांवर हात ठेवले असते, अशी आजकालच्या पोरांची गाणी. परवा मला राहवलं नाही, रिक्षावाल्याला सांगून टाकलं, ही माझी मुलगी. त्यानं आरशातून माझ्याकडं आणि मांडीवरच्या मेथीच्या पिशवीकडं पाहिलं आणि म्हणाला, "व्हय काका, आन् मी तिचा मामा." मी पिशवी सावरून घेतली. खरं सांगायचं तर माझाही अजून पुरता विश्वास बसत नाही.

ती सांगलीला इंजिनिअरिंगला होती, होस्टेलवर. रोज संध्याकाळी तिच्या आईचा फोन, आणि रोज हिची तीच दोन उत्तरं. त्यावर तिनं पहिलं गाणं लिहिलं: "जेवले म्हणते, जेवत नाही, बरी आहे म्हणते, बरी नाही." सुट्टीत घरी आली तेव्हा कपाट उघडून त्याच्या दारांवर गोधड्या टाकल्या, आत बसली आणि मोबाइलवर गाणं भरलं. कुकर लावायचा नाही म्हणून आईला ताकीद, पंखा बंद, मी घामानं निथळत बाहेरच्या खोलीत. गाण्याच्या सुरुवातीला शब्दांच्या आधी एक आवाज येतो. खरखरीत, जरासा रागावलेला, आणि मग हळूहळू रडवेला होणारा. माळ्यावरून काढलेला आपला तो तडकलेल्या भोपळ्याचा तंबोरा. दिवाळीपर्यंत ते गाणं आमच्या कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनला पाठ झालं होतं. पुढं मुंबईच्या एका कंपनीनं बोलावलं. तिथला रेकॉर्डिंगवाला म्हणाला, गाणं झकास आहे, ती खरखर तेवढी साफ करू. ही पोरगी उठून घरी आली. म्हणाली, "पप्पा, तो आवाज काढला तर ते गाणं माझं राहत नाही." हातातोंडाशी आलेला घास हिनं परत केला! मी तर कधी फोरमनसमोर मान वर केली नाही. चार महिन्यांनी तीच माणसं परत आली आणि खरखरीसकट गाणं घेऊन गेली.

तेव्हापासून मुलाखतीत हटकून तिला त्या आवाजाबद्दल विचारतात, आणि ती दर वेळी सांगते, "माझे आजोबा मिरजेत तंबोरे करायचे. हा आवाज त्यांनी मुद्दाम काढलाय. असा दुसरा कुणाला जमणार नाही." टीव्हीवर हे लागलं की मी ताटात बघून भाकरी कुस्करत राहतो. कारण तो आवाज कुणाचा, हे ठाऊक असलेली माणसं गेली. उरलो मी एकटा.

मी बारा वर्षांचा. पुण्याच्या बाईंचा तंबोरा संध्याकाळच्या गाडीनं जायचा होता. तारा ज्या घोडीवरून जातात ती घोडी तुम्ही तीन दिवस घासत होता, एवढीशी कानस, एवढासा हात, मग तार छेडायची, डोळे मिटायचे, पुन्हा घासायचं. जवारी लागली की तार गुणगुणते, हे मला ऐकून ऐकून कळत होतं. तुम्ही पार्सलची चौकशी करायला स्टेशनवर गेलात आणि मी तुमच्या पाटावर बसलो. कानस घेतली. आणखी जरा, आणखी जरा. तुम्ही आलात, एकच तार छेडलीत. दुकानातले बाकीचे कारागीर हातातली कामं थांबवून बघायला लागले. मला वाटलं आता पाठीत बसणार. तुम्ही नुसतं विचारलंत, "कुणी सांगितलं रं तुला हात लावायला?" मी रडायला लागलो. मग तुम्ही म्हणालात, "तुला कान न्हाई. तू लोखंडाचं काम शीक." त्या दिवशीची गाडी तशीच गेली, नवी घोडी बसवून तंबोरा बाईंना पंधरा दिवसांनी मिळाला. मी आयटीआयला गेलो, तिथून साताऱ्याच्या एमआयडीसीत, चाळीस वर्षं लेथवर. आणि ती बिघडलेली घोडी तुम्ही तडकलेल्या भोपळ्याच्या तंबोऱ्यावर चढवलीत आणि तो तंबोरा स्वयंपाकघरात, बरोबर माझ्या ताटासमोर, टांगलात. सणासुदीला जेवण झालं की तुम्ही उठून एकदा तार छेडायचात. दर वेळी माझ्या जखमेवर मीठ. आईसुद्धा एकदा म्हणाली, "आवं, काढून टाका की ते. पोरगं जेवत न्हाई धड." पुढच्या सणाला तुम्ही पुन्हा तार छेडलीत.

मागच्या महिन्यात तिचा कार्यक्रम सांगलीत होता, कॉलेजच्या मैदानावर. मी आणि तिची आई पुढं बसलो होतो. पहिली तार वाजली, ती खरखर मैदानभर पसरली आणि सगळी पोरं एकदम गप्प झाली. आण्णा, असली शांतता मी फक्त तुमच्या दुकानात पाहिली होती. मग ती दोन ओळी गायली आणि थांबली, आणि पुढचं गाणं त्या पोरांनी म्हटलं. हजारो पोरं! "बरी आहे म्हणते, बरी नाही" म्हणत शेजारची एक मुलगी ढसाढसा रडत होती आणि रडता रडता गात होती.  एवढीशी असताना आपली पोरगी माझ्या स्कूटरवर पुढं उभी राहायची.

कार्यक्रम झाल्यावर तिनं घोडी दाखवली. तारांनी खाचा पडल्या होत्या, फार तर दहा-बारा कार्यक्रम टिकेल. आता बाहेरगावचे दौरे ठरलेत. म्हणून मी आणि ती मिरजेला गेलो, तुमच्या गल्लीत. तीन दुकानं फिरलो. सगळ्यांनी तार छेडली आणि सगळ्यांनी तोंड वाकडं केलं. एक म्हातारे कारागीर म्हणाले, "ही चुकीची घासलीय, ताई. नीट करून देतो, लय गोड बोलंल. पर चूक करून देनार न्हाई. लोकं हसत्याल मला." तिनं हात जोडले तरी ऐकेनात. मला मनातून त्यांचा अभिमान वाटला. बाहेर आल्यावर तिचा चेहरा एवढासा झाला होता. म्हणाली, "संपलंच मग, पप्पा. आजोबा तर नाहीत." तिथंच बोलायला हवं होतं. मी तिला चहा पाजला.

घरी येऊन मी कामाला लागलो. व्हर्नियर लावून जुनी घोडी मोजली, उतार काढला, तंतोतंत तशीच नवी केली. वाजेना. दुसरी केली, तीही मुकी. तिसरीच्या वेळी मापं बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि बारा वर्षांच्या त्या पोरासारखा घासत गेलो. आणखी जरा, आणखी जरा. एकदम तो आवाज आला. ती आतल्या खोलीतून धावत आली आणि दारातच थांबली. मग मी सांगितलं. सगळं. ती आधी हसली, "मला सगळ्या महाराष्ट्रासमोर खोटं बोलायला लावलंत पप्पा!" आणि मग हसायची थांबली. म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं तुमच्या आवाजावर गातेय?" मी जुनी घोडी हातात घेऊन उगाच उलटी केली; मापं घेताना माझं लक्ष नुसतं वरच्या उतारावर होतं.

आपल्या घरची रीत तुम्हाला मी काय सांगायची? घोडी ज्याच्या हातची, त्याची खूण तिच्या पोटाला खिळ्यानं कोरायची. माझ्या आजोबांची एक रेघ, तुमच्या दोन, मी शिकलो असतो तर माझ्या तीन. शिकणाऱ्याच्या हातचं काम मालकाच्या कानाला उतरल्याशिवाय त्याला खूण मिळत नाही. त्या घोडीच्या पोटाला तुमच्या दोन रेघा होत्या. आणि त्यांच्या शेजारी, नंतर ओढलेली, तिसरी.

आण्णा, कधी ओढलीत? आणि एक शब्द का बोलला नाहीत? मी साठीला आलो. "तुला कान न्हाई" हे तुम्ही एकदाच म्हणालात, पुढं जन्मभर मीच मला म्हणत आलो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक कबूल करतो. त्या दिवशी कानस माझ्या हातून निसटली नव्हती. जवारी गेली हे मला कळलं होतं आणि तरी मी पुढं घासत राहिलो, कारण जो आवाज यायला लागला होता तो मला फार आवडला होता. मी माराच्या भीतीनं रडलो असं तुम्हाला वाटलं असेल. आता तुम्ही ती घोडी फेकून द्याल, म्हणून मी रडत होतो.