बटाट्यांच्या जागी रायफुलं

२८ एप्रिल
पेरली! विहिरीकडच्या वाफ्यात — जिथे आर्वो दरवर्षी बटाटे लावायचा. यंदा नवरा नाही, आणि वाफा मोकळा बघवत नव्हता. निळी रायफुलं, राय धान्याच्या शेतात आपोआप उगवतात ती. वर मातीचा जेमतेम थर, खत अजिबात नाही.

आत गेले तर सासूबाई खिडकीशी. म्हणाल्या, "रायच्या शेतातलं हे तण उपटता उपटता माझी पाठ मोडली, आणि तू ते विकत आणून पेरतेस?"

बोलल्या तरी! आर्वोला पुरल्यापासून आमचं "मीठ दे" नि "दार लाव" एवढंच चाललंय.

९ मे
उगवली. राखाडी-हिरवी, केसासारखी. थंडीने काही बिघडलं नाही त्यांचं.

१८ मे
नणंदेचा, तीयूचा फोन. आईला टॅलिनला माझ्या घरी नेते म्हणाली. "वहिनी, दादा गेला. तू किती दिवस करणार तिचं?" बरोबरच आहे. तिची आई. मी कोण?

म्हटलं, त्यांनाच विचार. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "हेल्वेला सोयीचं पडेल तसं."

मला सोयीचं! जायचंय तर सरळ सांगावं.

२ जून
बाजारातून आले तर सासूबाई वाफ्यात गुडघे टेकून बसलेल्या, शेजारी उपटलेल्या रोपांचा ढीग. हातातली पिशवी टाकून धावले.

विरळणी करत होत्या! दोन रोपांत वीतभर जागा. "दाटीत नुसती उंच वाढतात नि आडवी पडतात. अशी काय बघतेस? हातावर पाणी घाल."

पाणी घातलं. हात चोळता चोळता म्हणाल्या, "आर्वो लहानपणी ही फुलं खायचा. ओठ निळे करून यायचा, आणि म्हणायचा, मी नाही खाल्ली!"

त्याचं नाव! तो फेब्रुवारीत गेला, त्यानंतर पहिल्यांदा. मी हसायला लागले ते थांबेचना. त्याही. मग डोळे पुसायला दोघींत एकच टोक — माझ्या एप्रनचं.

२० जून
पहिलं फूल. निळं म्हणजे किती निळं! पावसाने रोपं कलली होती, बर्चच्या काटक्या लावून बांधली. मी बांधत होते, त्या धरत होत्या. "अगं, हळू! गळा आवळशील त्यांचा."

तीयू सणाला येऊन त्यांना घेऊन जाणार, म्हणून संध्याकाळी त्यांची बॅग भरायला घेतली. झगे इस्त्री केले. जाऊ नका म्हणायचं होतं. मोजे किती घालू, एवढंच विचारलं.

२३ जून
तीयू आली. अंगणात मध्य उन्हाळ्याच्या सणाची शेकोटी पेटवली, रुबार्बचा केक खाल्ला. ती गाडीत त्यांची बॅग ठेवायला गेली तेव्हा एकदाचं बोलले — "आई, नका जाऊ."

त्यांनी केकचे कण वेचून तोंडात टाकले. "हे मे महिन्यात का नाही बोललीस? आता बॅग भरून झाली."

उठून झोपायला गेल्या.

२४ जून
सकाळी सासूबाईंनी गाडीतली बॅग स्वतः ओढत परत घरात आणली. तीयू मागोमाग — "आई, हे काय?"

"मी माझ्या मुलीकडे राहते."

"अगं, मुलगी मी आहे!"

"हो. तूसुद्धा."