कॅमेरा सायलीच्या नावे

मी, उषा मधुकर महाजन, वय वर्षे एकाहत्तर, राहणार राजपुरा, बऱ्हाणपूर, माझ्यामागे कोणाला काय मिळावे हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, चष्मा नवा आहे आणि कोणाचेही दडपण नाही. वकीलसाहेब हिंदीत लिहा म्हणाले. मी भांडते मराठीत, तेव्हा लिहिणारही मराठीतच.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझा एकुलता मुलगा गौरव यास द्यावी. तो विम्याच्या कचेरीत नोकरीला आहे. स्वभावाने चांगला आहे, फक्त मोबाईलवर दिसेल ते खरे मानतो.

२. माझे दीर श्रीकांत यांना आमच्या फोटो स्टुडिओतला धबधब्याचे चित्र असलेला पडदा द्यावा. माझे यजमान वारले तेव्हा दहाव्यालाच ते म्हणाले होते, "वहिनी, बाईच्या हातात कॅमेरा शोभत नाही, दुकान उठवा." त्यांनी आता या पडद्यासमोर खुर्ची टाकून खुशाल शोभावे.

३. 'महाजन फोटो' हे दुकान, माझा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला हलका कॅमेरा व त्याच्या सर्व लेन्स माझी सून सौ. सायली हिच्या एकटीच्या नावे करीत आहे. गौरवचा त्यावर हक्क राहणार नाही. कारणही लिहिते, म्हणजे पुढे कोणी म्हातारीला भूल पडली होती असे म्हणू नये.

कंपनी या कॅमेऱ्याची मालिका बंद करणार अशी अफवा वर्षभर फिरते आहे. कंपनी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. नवे मॉडेल आले नाही, एवढ्यावरून लोकांनी त्याचे तेरावे उरकले. असे सांगणारे व्हिडिओ मोबाईलवर पाहून गौरवने मला न विचारता कॅमेरा विकायला काढला. खंडव्याचे गिऱ्हाईक दुकानात आले ते नेमके कानबाईच्या विसर्जनाच्या सकाळी.

कानबाई ही आम्हा खानदेशी बायकांची श्रावणातली देवी. आमच्या गल्लीत तिला एकदा डोक्यावर घेतली की तापीच्या पाण्यापर्यंत खाली ठेवत नाहीत. बायका नाचतात, फुगड्या घालतात, कोणाच्या अंगात येते. तिथे पुरुष फोटोवाला चालत नाही. मी आणि माझा हा हलका कॅमेरा गर्दीत शिरतो, म्हणून गल्ली दरवर्षी आम्हाला बोलावते. यंदा माझे गुडघे सुजले होते, तेव्हा सायली जाणार होती. शेजारची आशाबाई देवी डोक्यावर घेऊन तापीच्या राजघाटाकडे निघालेली, आणि इकडे गौरव कॅमेऱ्याची बॅग गिऱ्हाइकाला देतोय!

सायलीने ती मधल्यामध्ये ओढून घेतली. "भैय्या, ये बिकाऊ नहीं है."

गौरव चिडला. "अगं, कंपनी बंद करून राहिली ना! बाद में पार्ट भी नहीं मिलेंगे."

"बंद करेल तवा करेल. आज तर चालू आहे ना?" एवढे बोलून ती घाटाकडे पळाली. नवऱ्याला उलट बोलताना मी तिला प्रथमच ऐकले आणि मला फार आनंद झाला. फोटोही उत्तम आले.

४. कंपनीने मालिका खरोखर बंद केली, तर सायलीने कॅमेरा दुरुस्त करत वापरावा. तोही थकला तर मनाला येईल तो घ्यावा, पण दुकान बंद करू नये. मीही आता दुकान गुंडाळणार अशी गल्लीत अफवा आहे. मला कोणी विचारलेले नाही.

५. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते असे वकीलसाहेब सांगतात. सायलीने माझ्या मरणाची वाट का पाहावी? म्हणून कलम तीनचे बक्षीसपत्रही आजच नोंदवत आहे, आणि कॅमेरा व दुकानाची किल्ली साक्षीदारांदेखत तिच्या हातात दिली आहे.

गौरव समोरच बसला आहे. त्याला हे सर्व वाचून दाखवले. त्याने कलम तीन स्वतः पुन्हा वाचले. मग म्हणाला, "आई, आता मी हिला काय म्हणू?"

"मालकीणबाई म्हण," मी सांगितले.

सायलीने बॅग खांद्याला लावली. "उद्या दापोऱ्याला हळदीचे फोटो काढायचे आहेत. गाडीवर सोडून द्याल का मला?"

गौरवने तिच्याकडे पाहिले. "कितने बजे?"

एवढे ऐकून मी खाली सही करीत आहे.

सही: उषा मधुकर महाजन

आमच्यासमोर सही केली, म्हणून साक्षीदार:
१. विनायक सोनवणे, राजपुरा (सही)
२. आशाबाई चौधरी, राजपुरा (सही)

स्थळ: बऱ्हाणपूर
दिनांक: २५ नोव्हेंबर २०२५