नववा राउंड

बाबा, मागच्या रविवारी मी बंगाली काकांकडे जाऊन आलो. तुम्ही गेल्यानंतर मी त्यांच्याकडे जाणं टाळतच आलो होतो. रस्त्यात भेटले तर नमस्कार, दिवाळीला फोन, एवढंच. तुमच्या सगळ्यात जुन्या मित्राशी मी असं वागतो हे तुम्हाला आवडलं नसतं. पण त्याचं कारण तुम्हाला माहीत नाही, आणि ते सांगायचं तर भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या, बरखेड्याच्या क्वार्टरपासून सुरुवात करावी लागेल.

रविवारी सकाळी टाउनशिपच्या मैदानावरची फुटबॉल मॅच संपली की माणसं आपल्या व्हरांड्यात येत. बंगाली काका, शेजारचे केरळचे इलेक्ट्रिशियन काका, तुमच्या खात्यातले दोघे-तिघे. आई पोहे करायची, येताना कुणीतरी जिलेबी आणायचं, आणि मग कारखान्याच्या एकच्या भोंग्यापर्यंत वाद चालायचा. कुणाला आधी बाहेर काढायला हवं होतं, मधली फळी एवढी पुढे का गेली, गोल कुणाच्या चुकीनं झाला. बंगाली काकांचं मत कायम एकच, चढाई करा. तुमचं मत कायम उलटं, थांबा. तुम्ही फरशीच्या चौकटींवर शेंगदाणे मांडून अकराच्या अकरा माणसं उभी करायचात आणि एक-एक दाणा सरकवत सांगायचात की इथे पोकळी झाली ती कुणी पाहिलीच नाही. हरलेला संघ दाण्यादाण्यानं काका खाऊन टाकायचे.

आणि फुटबॉल संपलं की बॉक्सिंग. तुमच्याकडे पाहून कुणाला वाटलं नसतं की या माणसाला ठोसेबाजीत रस असेल. किडकिडीत अंग, जाड चष्मा, शर्टाच्या खिशात मोजपट्टी. कारखान्यात तुम्ही तयार झालेल्या भागांची मापं तपासत होतात, केसाइतका फरक असला तरी माल परत पाठवायचात. अमरावतीहून नोकरीला आलात त्या वर्षी क्लबच्या मैदानात पडदा लावून एका जुन्या लढतीची फिल्म दाखवली होती, अख्खे तेरा राउंड. ती तुम्ही एकदाच पाहिली, आणि त्यानंतर तीस वर्षं सांगितली. फिल्म काळी-पांढरी, म्हणून तुमच्या लेखी खेळाडूही दोनच, पांढरी चड्डी आणि काळी चड्डी. पांढरी चड्डी जवळजवळ सगळे राउंड मार खातो. नवव्या राउंडमध्ये तो एक गोष्ट करतो. उजवा हात हनुवटीशी चिकटवून ठेवतो आणि पूर्ण तीन मिनिटं एकदाही चालवत नाही. लोकांना वाटतं हात दुखावला. काळ्या चड्डीलाही तसंच वाटतं, आणि तिथून पुढे त्याचा डावा हात हळूहळू खाली यायला लागतो. तेराव्या राउंडमध्ये तो उजवा हात येतो आणि काळी चड्डी आडवी होते. "आदमी को मारने से पहले उसे भुलाना पड़ता है," असं म्हणून तुम्ही चष्मा पुसायचात. मी लहान असताना दर वेळी त्या जागी माझ्या अंगावर काटा यायचा.

एकोणिसाव्या वर्षी मला तो राउंड खेळावा लागला. मी टाउनशिपच्या संघात उजव्या विंगला होतो, आणि शहरातल्या त्या तगड्या संघाशी फायनल होती. कोच तुमचा व्हरांड्यातलाच श्रोता. आदल्या दिवशी तुम्ही त्याला दाणे मांडून दाखवलं की पहिल्या हाफमध्ये उजवीकडे बॉल द्यायचाच नाही. पंचेचाळीस मिनिटं मी रेषेजवळ उभा. हात वर करून ओरडतोय, कुणी बघत नाही. मैदानाबाहेर माझ्या कॉलेजची मुलं बसलीत आणि मी खांबासारखा उभा आहे. हाफ टाइमला मी तुमच्याशी बोललो नाही, पाण्याची बाटलीही तुमच्या हातून घेतली नाही. दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा लेफ्ट बॅक मला सोडून मध्ये सरकला होता, माझ्याकडे पाठ करून. मग बॉल आला. माझ्या आजूबाजूला इतकी जागा होती की मी दचकलोच. मी आत दिलेल्या पासवर आमच्या सेंटर फॉरवर्डनं गोल केला, मॅचमधला एकमेव. बंगाली काकांनी तुम्हाला उचललं, तुमचा चष्मा गवतात पडला. रात्री जेवताना तुम्ही मला एवढंच म्हणालात, "उभं राहणं सगळ्यात अवघड. ते तू केलंस." मला माझ्या पासबद्दल ऐकायचं होतं.

मग मी पुण्याला नोकरीला गेलो. बाबा, तिथे मी फार हुशार झालो. ऑफिसातली मुलं परदेशी फुटबॉलवर बोलायची, आकडे, तक्ते, सगळं पाठ. त्यांच्यात मी तुमच्या गोष्टी सांगू लागलो तेव्हा एकानं विचारलं, ही फाइट नक्की कुठली? मला सांगता येईना. मी शोधत बसलो आणि एक दिवस इंटरनेटवर ती सापडली. पांढरी चड्डी, काळी चड्डी, तेराव्या राउंडमधला शेवट, सगळं तेच. फक्त नवव्या राउंडमध्ये तो उजवा हात धडाधड चालवत होता. मी ती क्लिप लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि दिवाळीला भोपाळला आलो. तुम्हाला एकट्याला दाखवता आली असती. तीन दिवस आपण एका घरात होतो. मी रविवारची वाट पाहिली.

तुम्ही सर्वांत पुढे बसलात, लॅपटॉपच्या अगदी जवळ. सुरुवातीला तुमचा चेहरा असा झाला होता की तो आठवला की आजही मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं. तीस वर्षांनी ती माणसं परत दिसत होती तुम्हाला. तुम्ही बंगाली काकांचा हात धरून म्हणत होतात, हाच, हाच तो. मग मी क्लिप थांबवली आणि म्हणालो, आता नववा राउंड बघा. तुम्ही पाहिलात. सगळ्यांनी पाहिला. तुम्ही मराठीतच हळू म्हणालात, "हा नववा नाही रे. अकरावा असेल." मी खाली लिहिलेला आकडा बोटानं दाखवला. कुणीतरी हसलं. तिथे थांबायला हवं होतं. आपण घरात कधी हिंदी बोललो नाही, पण त्या दिवशी मी मुद्दाम हिंदीत बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून. "बाबा, आपने देखी ही नहीं. आपने बनाई है."

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही लॅपटॉपकडे पाहत राहिलात आणि म्हणालात, "हो सकता है." मग आत जाऊन आईला चहाचं विचारून आलात. ज्या माणसानं हजारो मापं तपासली आणि एकदाही कुणाच्या दबावाखाली खोट्या मापावर सही केली नाही, त्यानं माझ्या एका वाक्यावर स्वतःची आठवण परत पाठवली. काका त्या दिवशी पोहे अर्धे ठेवून गेले. त्यानंतर तुम्ही ती लढत पुन्हा सांगितली नाहीत. फुटबॉलवरही बोलणं कमी झालं. कुणी डावपेच विचारले तर तुम्ही म्हणायचात, बेटे से पूछो, उसके पास कंप्यूटर है. त्यात टोमणा नव्हता. मी खूप शोधला, नव्हताच.

आता पुढचं, जे तुम्हाला माहीत नाही. तीन वर्षांनी, तुम्ही रिटायर होऊन साकेत नगरच्या घरात राहायला गेला होतात तेव्हा, मला ती लढत पूर्ण सापडली. तेराच्या तेरा राउंड, मधल्या विश्रांतीसकट. मी आधी दाखवली होती ती जेमतेम दहा मिनिटांची होती. तेरा राउंडची लढत दहा मिनिटांत कशी मावेल, हा प्रश्न मला इंजिनिअर असून पडला नव्हता. कुणीतरी मारामारीचे तुकडे जोडून अंदाजे आकडे टाकले होते. शनिवारची दुपार होती. मी नववा राउंड लावला. तीन मिनिटं. उजवा हात हनुवटीशी. एकदाही नाही. मी मागे घेऊन परत पाहिला, परत पाहिला. क्लिपमधला तो नववा खरंच अकरावा होता. तुम्ही एकदा पाहून तीस वर्षं बरोबर सांगत होतात, आणि एका नजरेत माझी चूकही बरोबर सांगितली होती.

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. तुम्ही कूलरच्या पंपाबद्दल बोललात, मी तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल विचारलं. ओठांवर आलेलं होतं. पण तुम्हाला सांगितलं की तुम्ही ते रविवारी सगळ्यांना सांगणार, त्यांच्यासमोर मी तोंडघशी पडणार, असा हिशेब माझ्या मनात झाला. पुढच्या वेळी सांगू म्हटलं. पुढची वेळ दर महिन्याला येत होती. दोन वर्षं येत होती.

मग तुम्हाला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. चौथ्या दिवशी दुपारी काका आले, स्टुलावर बसले. तुम्हाला बरं वाटावं म्हणून असेल, ते म्हणाले, "दादा, बहुत दिन हुए, वो नौवाँ राउंड सुनाओ ना." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पलंगाच्या पायथ्याशी मोसंबं सोलत होतो. तुम्ही म्हणालात, "छोड़ो यार. वो मुझे ठीक से याद नहीं था." माझ्यासमोर पुन्हा चूक ठरू नये म्हणून म्हणालात, की मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही. लढत माझ्या खिशातल्या फोनमध्ये होती. मी मोसंब्याच्या बिया काढत राहिलो. पाचव्या दिवशी तुम्हाला आयसीयूत हलवलं आणि मग बोलणं झालंच नाही.

आता मी भोपाळलाच असतो, अरेरा कॉलनीत. रविवारी आमचाही एक कंपू जमतो, मॅचवर वाद होतात. मी नववा राउंड सांगतो, चांगला सांगतो. एकानं विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं, तर मी म्हणालो, मी फाइट पाहिली आहे. ते खोटं नाही. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. म्हणून पुढच्याच रविवारी मी काकांकडे गेलो. ते आता खूप वाकलेत, ऐकू कमी येतं, डोळे शाबूत आहेत. फोन त्यांच्या हातात दिला आणि काही न सांगता तो राउंड लावला. त्यांनी पूर्ण तीन मिनिटं पापणी न हलवता पाहिला. घंटा झाल्यावर म्हणाले की आम्हाला तर तेव्हाही माहीत होतं, दादांचं माप चुकत नसतं. मग त्यांनी मला विचारलं, "तुमने उनको दिखाया था?"

मी तेच कबूल करायला गेलो होतो, बाबा. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. आणि मी म्हणालो, "हाँ काका, दिखाया था."

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी विचारलं, काय म्हणाले मग दादा? आणि मी म्हणालो की काही बोलले नाहीत, फक्त हसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आज कळलं की केरळच्या काकांनाही त्यांनी फोन करून हे सांगितलं, आणि तेही खूश झाले. आता तुमच्या दोन्ही मित्रांच्या लेखी तुम्ही तो राउंड पाहून गेलात. तुम्हाला लिहिलेले हे कागद मी त्यांना वाचून दाखवायला हवेत. काकांच्या घरी पायी जायला वीस मिनिटं लागतात. मी जाणार नाही.